अर्धायुष्य आणि अमानत

वाचकहो, आज एका साध्या प्रश्नापासून प्रारंभ करू या. एखादी वस्तू आपण विकली, टाकून दिली, किंवा ती जेथे होती ती जागाच सोडून आपण निघून गेलो, तर त्या वस्तूविषयीचे आपले उत्तरदायित्व त्याच क्षणी संपते काय? व्यवहारात आपण बहुतेक सर्वजण ते संपते असेच धरून चालतो. पावती फाडली, किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली, दार ओढून घेतले, की मागचे सारे मागे राहिले. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी आपण एका अशा पदार्थाची हकीगत पाहू, ज्याला मालक बदलल्याचे कळत नाही आणि ज्याच्यावर कोणत्याही पावतीचा परिणाम होत नाही.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात काही माणसे आजारी पडली. कातडी काळवंडू लागली, केस गळू लागले. प्रारंभी कारण उमगेना. पुढे किरणोत्सर्गाची शंका आली, तज्ज्ञ मोजमापाची यंत्रे घेऊन बाजारात उतरले आणि भंगाराच्या ढिगांत कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे तुकडे सापडले. तपासाचा धागा दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत पोहोचला. तेथे संशोधनासाठी आणलेले एक गॅमा किरण यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगारवाल्यांनी नेहमीच्या सवयीने ते उघडले, कापले, त्याचे शिसे वेगळे काढले. त्या जाड शिशाच्या आवरणानेच आतील किरण इतकी वर्षे अडवून धरले होते. अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला.

या घटनेत कोणी कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. विकणाऱ्याला अडगळ दूर करायची होती, घेणाऱ्याला आपल्या मुलाबाळांसाठी चार पैसे मिळवायचे होते. तरीही एका कष्टकऱ्याचा जीव गेला. मग चूक नेमकी कोठे झाली? हे समजण्यासाठी आधी त्या धातूचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

सृष्टीतील बहुतेक अणू स्थिर आहेत. काही मात्र स्थिर नाहीत. त्यांच्या केंद्रात जो असमतोल असतो, तो कधी ना कधी मोकळा होतो. अणूतून किरण किंवा कण बाहेर पडतात आणि तो अणू दुसऱ्याच एखाद्या अणूत बदलतो. १८९६ मध्ये पॅरिस येथे आंरी बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून असे किरण निघत असल्याचे आढळले. पुढे चारच वर्षांत कॅनडातील मॉन्ट्रियल येथे अर्नेस्ट रदरफर्ड यांनी थोरियमपासून निघणाऱ्या एका वायूचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक विलक्षण नियमितपणा दिसला. त्या वायूची किरणोत्सारिता सुमारे एका मिनिटात निम्मी होत होती, पुढच्या मिनिटात उरलेल्याच्या निम्मी, आणि त्यापुढील मिनिटात पुन्हा निम्मी. निम्मे होण्यास लागणाऱ्या या ठरावीक काळालाच अर्धायुष्य म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अर्धायुष्य म्हणजे अर्धे आयुष्य, तेव्हा दोन अर्धायुष्ये झाली की पदार्थ संपला, असे पुष्कळांना वाटते. तसे घडत नाही. पहिल्या अर्धायुष्यानंतर निम्मा उरतो, दुसऱ्यानंतर पाव, तिसऱ्यानंतर आठवा हिस्सा, चौथ्यानंतर सोळावा, पाचव्यानंतर बत्तिसावा. दहा अर्धायुष्ये लोटली तरी सुमारे हजारावा हिस्सा शिल्लक असतोच.

दुसरी गोष्ट याहूनही विचार करायला लावणारी आहे. आपण माणसे म्हातारी होतो, वस्तू झिजतात, कपडा विरतो. किरणोत्सारी अणू मात्र म्हातारा होत नाही. काल तयार झालेला कोबाल्ट-६० चा अणू आणि पन्नास वर्षे टिकून राहिलेला अणू, या दोघांचे येत्या वर्षात विघटन होण्याची शक्यता अगदी सारखीच असते. कोणता अणू केव्हा फुटेल, हे कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. कोट्यवधी अणूंचा मिळून हिशेब मात्र चोख सांगता येतो. या हिशेबाला घाई करता येत नाही. कोबाल्ट तापवा, गोठवा, आम्लात विरघळवा, कापून त्याचे शंभर तुकडे करा. त्याची गती तसूभरही बदलणार नाही. कापल्याने तो कमी होत नाही, केवळ अधिक ठिकाणी पसरतो. अल्लाहने प्रत्येक वस्तूला एक प्रमाण ठरवून दिले आहे, हे आपण श्रद्धेने मानतो. येथे ते प्रमाण घड्याळ लावून मोजता येते.

आता मायापुरीचा हिशेब करू. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे आहे. यंत्राचा वापर १९८५ मध्ये थांबला आणि विक्री २०१० मध्ये झाली. मधल्या पंचवीस वर्षांत पावणेपाच अर्धायुष्ये उलटली. म्हणजे १९८५ मध्ये जेवढा कोबाल्ट होता, त्याच्या शंभर भागांतील जेमतेम चार भाग २०१० मध्ये शिल्लक होते. शहाण्णव भाग काळाने संपवले होते. उरलेल्या चार भागांनी एका माणसाचा जीव घेतला.

वाचकहो, या आकड्यापाशी आपण थोडे थांबावे असे मला वाटते. 'काळ हेच औषध' असे आपण एकमेकांना नेहमी सांगतो. एखादे जुने देणे, जुना अन्याय, जुनी चूक यांविषयी 'आता किती वर्षे झाली' म्हणून मनाची समजूत काढतो. काळ औषध आहे, हे अगदी खोटे नाही. परंतु तो आपल्या प्रमाणाने काम करतो, आपल्या सोयीने नाही. पंचवीस वर्षे ही माणसाच्या दृष्टीने मोठीच मुदत. तेवढ्या काळात माणसे निवृत्त होतात, कपाटे बदलतात, नोंदवह्या धूळ खात पडतात. त्या यंत्राच्या बाबतीत दोन गोष्टींचा ऱ्हास एकाच वेळी चालू होता. एक कोबाल्टचा, आणि दुसरा त्या यंत्राविषयीच्या माहितीचा. माहितीचा ऱ्हास कोबाल्टच्या ऱ्हासापेक्षा लवकर पूर्ण झाला. अपघाताचे खरे कारण या दोन गतींमधील अंतरात आहे.

विस्मरण हा गुन्हा आहे काय, असे कोणी विचारील. माणूस विसरणारच. अल्लाहपाशी आपण आपल्या विस्मरणाची क्षमाही मागतो. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. ज्या गोष्टीचे स्मरण ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर सोपविलेली आहे, तिच्या बाबतीत 'मी विसरलो' हे उत्तर पुरेसे होत नाही, कारण न विसरण्याची व्यवस्था करणे हाच त्या जबाबदारीचा भाग असतो. पवित्र कुरआनमधील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ती मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, असे तेथे तपशीलवार शिकविले आहे. माणसाची स्मृती कमकुवत आहे हे निर्मात्याला ठाऊक आहे. म्हणून स्मृतीवर विसंबू नका, लिहून ठेवा, असा आदेश आला. चार दिरहमांच्या देण्याविषयी जर एवढी दक्षता, तर ज्यात माणसाचा जीव गुंतला आहे त्या वस्तूविषयी किती हवी?

आता दुसरी घटना पाहू. मायापुरीत वस्तू विकली गेली होती. येथे ती केवळ मागे राहिली. ब्राझील देशात गोयानिया नावाचे शहर आहे. तेथील एक खासगी किरणोपचार केंद्र १९८५ च्या अखेरीस दुसऱ्या जागेत गेले. जाताना कर्करोगावरील उपचाराचे एक यंत्र जुन्या इमारतीतच राहिले. त्यात सीझियम-१३७ होते. परवाना देणाऱ्या संस्थेला याची सूचना द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही. इमारत पुढे अर्धवट पाडली गेली आणि उघडी पडली. सप्टेंबर १९८७ मध्ये भंगार गोळा करणारे दोघेजण तेथे शिरले आणि यंत्राचा मौल्यवान वाटणारा भाग काढून घेऊन गेले. तो एका भंगारवाल्याला विकला गेला. फुटलेल्या कुपीतून निघालेली भुकटी रात्री निळसर प्रकाशाने चमकत असे. भंगारवाल्याला ते नवल वाटले. त्याने ती नातेवाइकांना, शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवली, वाटली. त्याच्या भावाची सहा वर्षांची मुलगी त्या चमकत्या भुकटीशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली.

घरातील माणसे एकापाठोपाठ आजारी पडू लागली, तेव्हा भंगारवाल्याच्या पत्नीने त्या चमकत्या वस्तूचा आणि आजाराचा संबंध ओळखला. तिने ती वस्तू एका पिशवीत घातली आणि बसने नेऊन आरोग्य कार्यालयात पोहोचवली. तिच्या या कृतीमुळेच संकट उघडकीस आले. पुढे शहरातील क्रीडांगणात सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात सीझियम आढळले. चार जण मरण पावले. त्यांत ती सहा वर्षांची मुलगी होती, आणि ती पिशवी घेऊन जाणारी स्त्रीही होती.

ज्यांनी ते यंत्र नेले, त्यांनी आपले नसलेले उचलले, ही चूक होतीच. तिला बरोबर कोणी म्हणणार नाही. परंतु त्या मुलीने काय केले होते? आणि सर्वांत आधी प्रश्न येतो तो त्यांचा, ज्यांना त्या यंत्रात काय आहे हे ठाऊक होते. धोक्याचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे, त्याच्यावर त्या ज्ञानाचा भार आहे. अज्ञानी माणूस वस्तूला हात लावतो तेव्हा तो आपल्या अज्ञानामुळे फसतो. जाणता माणूस सांगत नाही, तेव्हा तो दुसऱ्याला फसवितो, मग त्याचा तसा हेतू असो वा नसो.

इस्लामी शिकवणीत या विषयाला पुष्कळ आधार आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले, आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले. या प्रसंगाकडे नीट पाहा. विक्रेत्याने खोटे सांगितले नव्हते. त्याने केवळ सांगितले नव्हते. धान्य पावसाने भिजले होते, म्हणजे दोष त्याने निर्माणही केला नव्हता. तरीही दोष उघड करण्याचे कर्तव्य त्याच्यावर होते. ओल्या धान्याने ग्राहकाचे थोडे पैसे बुडाले असते. येथे तर माणसांचे जीव गेले.

दुसरे उदाहरण आपल्या मुलांनाही पाठ असते. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग होय, अशी शिकवण आहे. तो काटा किंवा दगड आपण टाकलेला नसतो, आणि ज्याच्या पायाला तो लागणार असतो त्याला आपण ओळखतही नसतो. तरीही तो उचलणे पुण्याचे ठरते. मग जो माणूस न दिसणारा काटा रस्त्यात सोडून जातो, त्याच्या कर्माची नोंद कशी होत असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. कोणाला हानी पोहोचवू नये आणि हानीचा बदला हानीने घेऊ नये, हे तत्त्व इस्लामी विधिशास्त्राच्या पायाभूत तत्त्वांपैकी एक मानले जाते. त्या तत्त्वात हानी केव्हा पोहोचली याची मुदत घातलेली नाही.

मुदतीचा प्रश्न निघाला म्हणून आणखी पुढे जाऊ. कोबाल्टचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे, सीझियम-१३७ चे सुमारे तीस वर्षे. गोयानियातील अपघातानंतर जमा केलेल्या दूषित मातीतील आणि सामानातील सीझियम हजाराव्या हिश्श्यावर येण्यास तीनशे वर्षे लागतील. अणुभट्टीत युरेनियमपासून प्लुटोनियम-२३९ तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षांचे आहे. हिजरतीपासून आजपर्यंत जेवढा काळ लोटला, तेवढा सतरा वेळा लोटेल तेव्हा ते निम्मे होईल. ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज तयार होत आली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या विजेवर दिवा लागला असेल. दिव्याचा उजेड आपण घेतला. त्यामागे उरलेल्या इंधनाची राखण मात्र अशांना करावी लागणार आहे, ज्यांचे आजोबा-पणजोबाही अजून जन्मले नाहीत.

जे जन्मलेच नाहीत, त्यांचा आपल्यावर काही हक्क असू शकतो काय? तत्त्वज्ञ यावर वाद घालतात. जो अस्तित्वातच नाही, त्याला हक्क कसला, असेही काहींचे म्हणणे आहे. आपल्या इतिहासात या प्रश्नाला एक कृतिशील उत्तर मिळालेले आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत इराकची सुपीक भूमी ताब्यात आली. ती सैनिकांमध्ये वाटून द्यावी, असे काही सहाबांचे आग्रहाचे मत होते. उमर (रजि.) यांनी पुष्कळ सल्लामसलत केली. सारी जमीन आज वाटून टाकली, तर नंतर येणाऱ्यांसाठी काय उरेल, ही त्यांची चिंता होती. सूरह हश्रमध्ये मुहाजिर आणि अन्सार यांच्यापाठोपाठ त्यांच्यानंतर येणाऱ्यांचाही उल्लेख आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अखेर जमीन कसणाऱ्यांच्याच हाती ठेवून तिच्यावर खराज बसविण्यात आला, म्हणजे पुढील पिढ्यांनाही तिचा लाभ मिळत राहावा. ज्यांना जन्माला यायचे आहे त्यांना संपत्तीत वाटा असू शकतो, तर आपल्या हानीपासून संरक्षण मिळण्याचा हक्क त्यांना का नसावा?

जगातील काही देशांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. फिनलंडमध्ये ओल्किलुओटो येथे जमिनीखाली चारशे मीटरहून अधिक खोल, पुरातन खडकात, वापरलेले अणुइंधन कायमचे ठेवण्यासाठी बोगदे खणण्यात आले आहेत. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात मिठाच्या थरांत किरणोत्सारी कचरा पुरला जातो. तेथे पुढील दहा हजार वर्षे माणसांना इशारा कसा द्यावा, यावर १९९० च्या दशकात विविध शास्त्रांचे जाणकार विचार करीत बसले होते. आजची कोणतीही भाषा तोवर कोणाला वाचता येईल याची हमी नाही. मग खुणा कोरायच्या, की भयानक दिसणारे दगड उभारायचे, की ती जागा मुळी विसरूच द्यायची? त्यांच्या उत्तरांविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु ज्याला आपण कधीच भेटणार नाही, जो आपले आभार मानणार नाही, त्याला 'येथे खणू नको' हे कसे सांगावे याची चिंता करणे, ही अमानतीचीच चिंता आहे. आखिरतवर विश्वास ठेवणाऱ्याला तर ती अधिकच समजायला हवी. माणसाने पुढे पाठविलेल्या कर्मांप्रमाणेच त्याने मागे सोडलेल्या खुणांचीही नोंद होत असते, असे आपण मानतो. मृत्यूनंतर आपली कर्मे थांबतात, त्यांचे परिणाम थांबत नाहीत.

यावर एक शंका स्वाभाविकपणे येईल. अल्लाह क्षमाशील आहे. मग तौबा केल्यावर मागचे का उरावे? अल्लाहच्या कृपेला सीमा नाही, यात शंका नाही. परंतु आपल्या विद्वानांनी अल्लाहचे हक्क आणि दासांचे हक्क यांत भेद केला आहे. दुसऱ्या माणसाचे जे आपल्याकडे आहे, ते परत केल्याशिवाय, किंवा त्याच्याकडून माफ करून घेतल्याशिवाय, केवळ पश्चात्तापाने ते फिटत नाही. पश्चात्तापाने कोबाल्टचे अर्धायुष्य कमी होत नाही, तसेच दुसऱ्याच्या घरात आपण सोडलेले संकट आपल्या अश्रूंनी वितळत नाही. उठावे लागते, तेथे जावे लागते, सांगावे लागते आणि ते आवरावे लागते. गोयानियातील ती स्त्री काही या संकटाची कर्ती नव्हती. तरीही कळताच ती उठली आणि पिशवी घेऊन निघाली. ज्यांना आधीपासून ठाऊक होते, त्यांनी हेच दोन वर्षे आधी केले असते, तर ती मुलगी वाचली असती.

या विवेचनावरून किरणोत्सर्ग हीच वाईट गोष्ट आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. थायरॉइडच्या कर्करोगावर आयोडीन-१३१ दिले जाते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणून ते आपले काम करून लवकर ओसरते. शरीराच्या तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य अवघे सहा तासांचे आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे ज्या केंद्रात आंब्यांवर किरणांची प्रक्रिया होते, तेथेही कोबाल्ट-६० च वापरला जातो. २००७ पासून अमेरिकेला जाणारा आपला हापूस तेथूनच प्रक्रिया होऊन जाऊ लागला. मायापुरीत प्राण घेणारा आणि लासलगावात फळ राखणारा धातू एकच. एके ठिकाणी त्याचा हिशेब ठेवला जातो, दुसऱ्या ठिकाणी तो ठेवायचा राहून गेला.

आता आपल्या घराकडे वळू. भंगाराच्या व्यवसायात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे आहेत. त्यांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे. पिवळ्या रंगावर मध्यभागी ठिपका आणि त्याभोवती पंख्यासारखी तीन पाती, ही किरणोत्सर्गाची खूण आहे. २००७ मध्ये आणखी एक खूण प्रचारात आणली गेली. तिच्यात लाल त्रिकोणात वरून येणारे किरण, कवटी आणि पळणारा माणूस दाखविला आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही समजावे, हाच तिचा हेतू. अशी खूण असलेली, किंवा आकाराच्या मानाने फार जड, शिशाने मढविलेली अनोळखी वस्तू आली, तर ती कापू नये, वितळवू नये, घरी नेऊ नये. तिच्यापासून दूर व्हावे, इतरांना दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. चार पैशांचे नुकसान झाले तर होऊ द्यावे. एक जीव वाचविणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला वाचविणे, ही शिकवण अशाच वेळी कृतीत आणायची असते.

आणि ज्यांचा भंगाराशी संबंध नाही, त्यांच्याही घरात न सांगितलेल्या गोष्टी असतातच. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले कीटकनाशक. वडिलांनी तोंडी घेतलेले आणि कोणालाच न सांगितलेले कर्ज. भावांच्या वाटणीत लपवून ठेवलेला जमिनीचा तुकडा. भाडेकरूला न सांगितलेला, भिंतीतील विजेच्या तारेचा दोष. काळ यांतील काही गोष्टी निम्म्या करील, काहींच्या बाबतीत तेवढेही करणार नाही. आपण मात्र आज चिठ्ठी चिकटवू शकतो, वहीत लिहू शकतो, वसीयत करू शकतो, समोर बसवून सांगू शकतो. वसीयत करण्याजोगे ज्याच्यापाशी काही आहे, त्याने ती लिहून उशाशी ठेवल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, असे आपल्याला शिकविलेले आहे. माणसाच्या मृत्यूनंतरही ज्या गोष्टींचे पुण्य त्याला पोहोचत राहते, त्यांत लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आहे. धोक्याची लिहून ठेवलेली सूचना, हेही तसेच ज्ञान होय.

प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. वस्तू हातातून गेल्याने उत्तरदायित्व संपत नाही. तिच्यातील हानी जोवर शिल्लक आहे, आणि ती आपल्याला ठाऊक आहे, तोवर सांगण्याचे कर्तव्य आपल्यावर आहे. आपण सांगितले आणि ते योग्य हाती पोहोचले, की भार हलका होतो. न सांगता आपण या जगातून निघून गेलो, तर तो भार आपल्याबरोबर येतो.

सोपविलेली प्रत्येक गोष्ट तिच्या हक्कदारापर्यंत पोहोचविण्याची, आणि आपल्या मागे कोणाच्याही वाटेत काटा न ठेवण्याची सद्बुद्धी व शक्ती अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.